दोन्ही प्रश्न विचारायचे

मुंबईतल्या एका उपनगरी महापालिका रुग्णालयात बायकांसाठी समुपदेशन केंद्र आहे. तिथल्या समुपदेशकाचा हा एक दिवस. बायकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सकाळी ८.४५

कॅज्युअल्टीतलं रात्रीचं रजिस्टर मी तिथेच उभ्यानं वाचते. वय, वेळ, कोणी आणलं, काय झालं. ‘बाथरूममध्ये पडली’, ‘गरम पाणी सांडलं’, ‘गोळ्या जास्त झाल्या’, ‘चुकून औषध प्यायली’. विशी-तिशीतली बाई, मध्यरात्रीनंतरची वेळ आणि आणणारा नवरा, हे तिन्ही एका ओळीत आलं की त्या नोंदीपुढे पेन्सिलनं बारीक टिंब काढते. बाथरूममध्ये माणसं खरोखर पडतात. पण पडणाऱ्याचे गुडघे, कोपर, तळवे खरचटतात. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ उठत नाहीत.

आज एक टिंब आहे. सत्तावीस वर्षांची, रात्री दीडला आणलेली, ‘चुकून प्यायली’, प्रकृती स्थिर, फिमेल मेडिकल वॉर्ड. रात्रपाळीच्या सिस्टरना लोकल गाठायची असते, तरी त्या पर्स खांद्याला लावून थांबतात. “ताई, ती नवऱ्याकडे बघितल्याशिवाय एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाहीये.” रजिस्टरात या वाक्याला रकाना नाही. आमचं काम बऱ्याचदा अशाच वाक्यापासून सुरू होतं, आणि ते सांगणारी सिस्टर किंवा मावशी नसेल तर सुरूच होत नाही.

असं केंद्र रुग्णालयात असावं, ही कल्पना मुंबईचीच. २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू केलं. त्यामागचा विचार सरळ होता. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याची किंवा कोर्टाची पायरी चढेलच असं नाही, दवाखान्यात मात्र ती कधी ना कधी येतेच. पुढे हे काम महापालिकेच्या इतर रुग्णालयांत गेलं आणि त्याच धर्तीवर केरळ, हरियाणा, मेघालयातही केंद्रं उभी राहिली. बाई ‘नवरा मारतो’ असं सांगत येत नाही. ती डोकं दुखतं म्हणून येते, गर्भ पडला म्हणून येते, औषध प्यायल्यावर आणली जाते.

९.३०

नवरा कॉटला टेकून उभा आहे. हातात शहाळं, डोळे जागरणानं लाल. गडी काळजीत आहे, आणि ती काळजी खोटीही नसावी. सिस्टर म्हणतात, “ताई, वजन करायचं राहिलंय तुमचं, चला.” तोही निघतो. “दादा, बायकांचा वॉर्ड आहे, राउंड सुरू होतोय. तुम्ही बाहेर थांबा.” आमच्याकडच्या सगळ्या सिस्टरना हे वाक्य तोंडपाठ आहे. नवरा, सासू, नणंद, अगदी सख्खी आईसुद्धा जवळ असताना आम्ही काही विचारत नाही. तिच्या दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करणं तर नाहीच.

ड्रेसिंग रूमचं दार लोटून घेते. ती स्टुलावर बसते, मी दुसऱ्या स्टुलावर.

“चुकून झालं मॅडम. अंधार होता.”

“बरं. काल संध्याकाळपासून सांगा. जेवायला काय केलं होतं?”

खोटं पकडायला मी बसलेली नाही, म्हणून मी वाद घालत नाही. स्वयंपाकापासून सुरुवात केली की बाई घडलं त्या क्रमानं बोलू लागते. भाकऱ्या झाल्या होत्या. तो उशिरा आला. तिच्या मोबाईलवर भावाचा मिस्ड कॉल होता, ‘कुणाचा, कुणाचा’ करत त्यानं फोन भिंतीवर फेकला. मग ती थांबते. विचारायची वेळ हीच असते आणि प्रश्न सरळ असावा लागतो. ‘घरी काही प्रॉब्लेम आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं.

“त्यानं हात उचलला?”

मान हलते.

“गळा दाबला का कधी? काल दाबला?”

ती पदर बाजूला करते. मी डॉक्टरांना लगेच बोलावते. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, शुद्ध गेली होती का, हे तपासावं लागतं, कारण गळा दाबल्यावर वरून काही न दिसताही आत इजा झालेली असू शकते. शिवाय ज्या बाईचा गळा एकदा दाबला गेला, तिचा पुढे त्याच हातून जीव जाण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. थप्पड आणि गळा या दोन गोष्टी आमच्या कागदावर वेगळ्या लिहिल्या जातात, त्या यासाठी.

डॉक्टर गेल्यावर दुसरा प्रश्न. तोही तितकाच सरळ.

“काल रात्री जीव द्यायचा होता का तुम्हाला?”

बराच वेळ ती नखानं हातावरची सलाईनची पट्टी उचकटत राहते.

“मला झोपायचं होतं मॅडम. कुणी न उठवता झोपायचं होतं. मग परत उठले नसते तरी चाललं असतं.”

हा विचार पहिल्यांदा कधी आला, किती वेळा येतो, याआधी काही केलं होतं का, आत्ता या क्षणी येतोय का, हे सगळं मी एकेक करून विचारते. याआधी एकदा केलं होतं. तेव्हा सासूनं घरातच ताक पाजून निजवलं होतं, दवाखान्यात आणलंच नव्हतं.

नवीन डॉक्टर, नर्सिंगच्या विद्यार्थिनी मला नेहमी विचारतात, “असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात नाही का येणार?” येत नाही. यावर पुष्कळ संशोधन झालं आहे आणि विचारल्यानं धोका वाढतो असं कुठेही दिसलेलं नाही. विचार आधीच डोक्यात असतो. विचारलं की त्याला निदान दुसरं एक माणूस मिळतं.

मला सांगायचं आहे ते या दोन प्रश्नांबद्दलच. ते एकाच माणसानं, एकाच बैठकीत विचारायला हवेत. ‘घरात कोण मारतं?’ हा प्रश्न स्त्री-संघटनांमधून आलेल्या आमच्यासारख्यांना सवयीचा आहे. आम्ही कायदा शिकलो, पोटगी शिकलो, पोलीस ठाण्यात ठिय्या द्यायला शिकलो. बाईला ‘मनोरुग्ण’ म्हणायला चळवळीचा विरोध होता आणि तो रास्तच होता, कारण मार खाणाऱ्या बाईलाच वेडं ठरवायची रीत जुनी आहे. मनोविकारवाले झोप, भूक, उदासी, रडू विचारत राहिले. एकानं बाईच्या अंगावरचे वळ पाहिले, दुसऱ्यानं तिची झोप पाहिली. ती मात्र एकच होती आणि दोन्हीकडून अर्धवट बरी होऊन घरी गेली.

११.००

ओपीडीतून चिठ्ठी येते. मेडिकल ऑफिसर बाईंचं अक्षर: ‘अशक्तपणा, अंगदुखी, झोप नाही. पुन्हा पुन्हा येते. रिपोर्ट नॉर्मल. कृपया बोलावे.’ या चिठ्ठीसाठी त्या डॉक्टरांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. बाहेर शंभरावर पेशंट रांगेत असताना ‘रिपोर्ट नॉर्मल’पाशी न थांबणं सोपं नाही. लोहाच्या आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देऊन तीन मिनिटांत तिला मोकळं करता आलं असतं.

मावशी पंचेचाळिशीच्या आहेत. नीटनेटक्या, पिशवीत छत्री, डबा, जुने केसपेपर. “आता नाही मारत,” त्या स्वतःहूनच सांगतात. “पोरं मोठी झाली तसं बंद केलं.” मग हळूहळू बाकीचं येतं. पगार त्याच्या हातात. रिक्षाला वीस रुपये हवे असले तर कारण सांगायचं. बहिणीकडे जायचं नाही. जेवताना तो ताट सरकवतो आणि मुलांसमोर म्हणतो, “हिला काही येत नाही.” मुलंही आता तसंच बोलतात.

“मावशी, मार बंद झाला तेव्हा बरं वाटायला लागलं?”

“नाही ना. तेच तर कळत नाही. आता काय झालंय मला?”

या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना सविस्तर देते, कारण बायका स्वतःला यातच सगळ्यात जास्त दोष देतात. अनेक वर्षं रोज सावध राहिलेलं शरीर एका दिवसात सैल होत नाही. दारात चपलांचा आवाज झाला की छातीत धडधडतं, मग आलेला माणूस दूधवाला का असेना. ‘तुला काही येत नाही’ हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की पुढे पुढे ते स्वतःच्याच आवाजात ऐकू येतं. नैराश्य म्हणतात ते पुष्कळदा असं येतं. रडूही येत नाही, नुसता थकवा असतो. भाजी निवडायला घेतली तर ती तासभर तशीच समोर पडून राहते.

जोडीदाराकडून हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतर स्त्रियांच्या जवळपास दुप्पट असतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३च्या अहवालात मांडलं. आपल्या शेजारचा पुरावा गोव्याचा आहे. तिथे ‘स्त्री आरोग्य शोध’ या अभ्यासात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतल्या स्त्रियांची माहिती घेतली. नवऱ्याच्या हिंसेचं नातं नैराश्याशी दिसलं, तसंच आत्महत्येच्या प्रयत्नाशीही दिसलं. उलट्या दिशेनंही हे चालतं. खचलेल्या बाईला निर्णय घेणं, पैसे बाजूला टाकणं, निघून जाणं आणखी अवघड होतं, आणि मारणाऱ्याला ते कळतं.

मावशींना नऊ प्रश्नांची यादी वाचून दाखवते. पीएचक्यू-९ म्हणतात तिला. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप, भूक, लक्ष लागणं, असं करत नववा प्रश्न येतो: आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का? पहिल्या आठ प्रश्नांना मावशी पटापट उत्तरं देतात. नवव्याला छत्रीचं बटण दाबत-सोडत राहतात. “वाटतं. पण करायची हिंमत नाही.” याला ‘धोका कमी’ असं लिहून पुढे जायचं नसतं. ‘हिंमत’ कुठल्या दिवशी येईल असं वाटतं, हे मी विचारते. त्यांच्याकडे उत्तर तयार असतं: धाकट्याचं लग्न झालं की. म्हणजे मनात तारीख आहे. त्या दुपारच्याच मनोविकार ओपीडीला जाणार आणि मी सोबत असणार, असं ठरतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हा आकडा २५.२ टक्के. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाकडेही मदत मागितली अशा साधारण १४ टक्के. उरलेल्यांतल्या बहुतेकींनी कुणाला सांगितलंदेखील नव्हतं. मावशी त्यांच्यातल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

१२.३०

मनोविकार ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर बायका तोंडावर पदर घेऊन बसतात. इथे कुणी ओळखीचं भेटू नये, ही धास्ती असते. मावशी बसायला तयार नाहीत. “माझ्या नावाची ‘मेंटल’ची फाईल होईल. उद्या तो तीच कोर्टात दाखवेल.”

ही भीती खुळी नाही. मानसिक आजार हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण आहे आणि मुलांच्या ताब्याच्या भांडणात असे कागद बाहेर काढणारे वकील मी पाहिले आहेत. म्हणून मी त्यांना दोन गोष्टी सांगते. एक, कायद्याला नुसता आजार पुरत नाही, जोडीदारासोबत राहणं वाजवीपणे शक्यच नाही इतका तो असावा लागतो. झोप न लागणं आणि उदासी, तीही उपचारानं बरी होणारी, त्यात बसत नाही. दोन, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्यांच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. नवरा ‘मी तिचा मिस्टर’ म्हणून खिडकीवर आला तर त्याला फाईल द्यायची नसते. आमच्या डॉक्टर आणखी एक करतात. निदानाच्या शेजारी कारणही लिहितात: ‘पतीकडून दीर्घकाळ छळ झाल्याचे रुग्ण सांगते.’ उद्या तोच कागद कोर्टात गेला तर तो तिच्याही बाजूनं बोलेल.

गोळ्या एका आठवड्याच्याच देतात. ज्या घरात मरणाचा विचार आहे तिथे महिन्याची औषधं एकदम जाऊ नयेत. त्यातल्या पहिल्या गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर सोडू नका, हे डॉक्टर तीनदा सांगतात. औषध घेतल्यानं नवरा सुधारणार नाही, हेही सांगतात. ते ऐकून मावशी पहिल्यांदा किंचित हसतात.

१.४५

जेवण. आम्ही दोघी समुपदेशक आणि केंद्राच्या मदतनीस मावशी, एका डब्यातून. सकाळच्या केसेसबद्दल जेवताना बोलायचं नाही असा नियम आम्ही घालून घेतला आहे. आज तो पाळला जातो.

२.१५

हवालदार सकाळच्या त्या सत्तावीस वर्षांच्या बाईचा जबाब घ्यायला आले आहेत. वयानं मोठे, बोलणं मायेचं. मला बाजूला घेऊन म्हणतात, “मॅडम, चुकूनच लिहू ना? तिचंच भलं. उगाच केस नको पोरीच्या मागे.”

ते मनापासून बोलतायत, म्हणून मीही मनापासून सांगते. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ आता नाही. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते घेतलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे. त्याआधीच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५नं ठरवून टाकलं होतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. म्हणजे खरं सांगून तिचं काही बिघडत नाही. ‘चुकून’ लिहून मात्र बिघडतं. न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६मध्ये, म्हणजे पूर्वीच्या ४९८-अमध्ये, क्रूरतेची जी व्याख्या आहे तीच मुळी ‘स्त्रीला आत्महत्येकडे ढकलेल असं वर्तन’ इथून सुरू होते. आज अपघात लिहिला गेला तर तिचा सगळ्यात मोठा पुरावा पोलिसांच्याच वहीत पुसला जाईल.

हवालदार ऐकून घेतात. “मग तिलाच विचारू,” म्हणतात. हे महत्त्वाचं. तिला तक्रार करायची की नाही ते तिनं ठरवायचं. तिला काय करता येईल ते कळल्यावर ठरवायचं, इतकंच माझं म्हणणं. नवरा वॉर्डाबाहेर, सिस्टर आत, अशा व्यवस्थेत ती सांगू लागते. मध्येच माझ्याकडे वळून विचारते, “काल केसपेपरवर जे लिहिलंय ते बदलता येतं का?” आधीचं खोडायचं नसतं. नव्या तारखेनं, नव्या वेळेनं तिचं म्हणणं खाली लिहायचं. डॉक्टर तसं लिहितात, गळ्यावरच्या खुणांच्या मापासकट. गुन्हा नोंदवायचा की नाही, ते तिनं आज ठरवलेलं नाही. पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षातल्या समाजकार्यकर्तीचं नाव तिला देते. १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं हे काम आजही अनेकींना पोलीस ठाण्याच्या दारातून आत नेतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकड्यांत देशभरात ४८,१७२ स्त्रियांच्या आत्महत्या आहेत. त्यांतल्या २५,३०९ गृहिणी, म्हणजे निम्म्याहून जास्त. आत्महत्यांच्या कारणांत सगळ्यात मोठा गट ‘कौटुंबिक समस्या’, स्त्री-पुरुष मिळून ३१.७ टक्के. सगळ्यात जास्त आत्महत्या ज्या राज्यात नोंदल्या गेल्या ते आपलं महाराष्ट्र. ‘कौटुंबिक समस्या’ या शीर्षकाखाली नेमकं काय काय झाकलं गेलंय, ते कुठल्याशा वॉर्डात दुपारी सव्वादोनला लिहिलेल्या अशाच एका जबाबावर ठरतं. कायदाही लग्नानंतरची सात वर्षं विशेष काळजीनं पाहतो. त्या मुदतीत विवाहितेनं जीव दिला आणि तिचा छळ होत असल्याचं सिद्ध झालं, तर नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी तिला प्रवृत्त केलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. सकाळच्या मावशींच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली आहेत.

३.१५

माहेरची माणसं आली: आई, भाऊ, कल्याणची आत्या. नवऱ्याकडून त्याचे मामा. मामांनी व्हरांड्यातच बैठक मांडली आहे. “पोरानं चूक कबूल केलीय. तीही जरा तापट आहे. दोघांना समोरासमोर बसवा मॅडम, मिटवून टाकू.”

वॉर्डात आम्ही समेट करत नाही. जी बाई रात्री मरणाच्या दारातून परत आली तिला दुपारी त्याच माणसासमोर बसवून ‘तुझं काय चुकलं’ विचारणं म्हणजे तिला पुन्हा तिथेच ढकलणं आहे. मामांना मी नम्रपणे, पण न हसता, हे सांगते. माफी आणि शहाळी हा छळाचाच एक टप्पा असतो, हे या व्हरांड्यात मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्या शहाळ्यानं आता मला हायसं वाटत नाही.

आई रडतेय. “चार दिवस घेऊन जाते, मग पाठवते नांदायला.” भाऊ खाली बघतोय. घरात वहिनी आहे, दोन खोल्या आहेत. त्याला दोष द्यायला जीभ धजावत नाही. आत्या मात्र मघापासून गप्प आहेत. मग त्याच विचारतात, “ती म्हणते काय?” सगळ्या व्हरांड्यात हे विचारणाऱ्या त्या एकट्या.

४.००

ती काय म्हणते, ते ऐकायला आता निवांत तास आहे. आम्ही दोघी मिळून एक कागद करतो. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी आत्महत्येच्या विचारांसाठी सुरक्षेचा एक आराखडा केला आहे, जगभर वापरतात. विचार वाढायला लागला की पहिली खूण कोणती, मग स्वतः काय करायचं, कुणाजवळ जाऊन बसायचं, कुणाला सांगायचं, कुठे फोन करायचा, आणि घरातलं धोक्याचं सामान दूर कसं ठेवायचं. आराखडा उत्तम आहे. पण त्यात धरून चाललंय की घर ही सुरक्षित जागा आहे आणि घरचं माणूस मदतीचं. आमच्या बायकांसाठी तो जसाच्या तसा चालत नाही. ‘घरच्या माणसाला सांगा’ लिहिलं तर ती कुणाला सांगणार? ‘दार लावून शांत बसा’ लिहिलं, तर दार त्यानं बाहेरून लावलेलं असतं. म्हणून आमच्या एकाच कागदावर दोन वाटा असतात: त्याच्यापासून जीव कसा वाचवायचा, आणि स्वतःच्या विचारापासून कसा.

पहिली खूण कोणती, विचारल्यावर ती म्हणते, “भांडण झाल्यावर नाही. तो झोपल्यावर. सगळं शांत झालं की.” हे फक्त तिलाच माहीत होतं. मग रात्रीचे दोन वाजले की काय करता येईल, ते शोधतो. शेजारची ताई नर्सरीत कामाला आहे, तिचं दार वाजवता येईल. फोन करून ‘उद्या पोरीला सोडशील का’ म्हटलं की ताईनं समजायचं आणि यायचं, असं ताईशी आजच बोलून ठरवायचं. औषधं आणि घरातलं बाकी सामान कुणाकडे ठेवायचं, तेही ठरतं. आधार, रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स आत्याकडे.

नंबर तीनच. १४४१६ हा टेली-मानसचा, चोवीस तास, मराठीतही बोलतात. १८१ महिलांसाठी. ११२ तातडीच्या पोलीस मदतीसाठी. तिचा फोन तो तपासतो, त्यामुळे आमचा नंबर ती ‘ब्लाउजवाली ताई’ म्हणून साठवते. नाव तिनंच सुचवलं.

‘मुलीसाठी जगा’ असं मी म्हणत नाही. सगळे म्हणतात, आई म्हणून गेली, हवालदारही म्हणून गेले. आधीच अपराधी वाटणाऱ्या बाईला ते आणखी एक ओझं होतं. माझ्यावाचून मुलीचं बरंच होईल, इथवर तिचा विचार गेलेला असू शकतो. मी नुसतं विचारते, “काल रात्रीनंतर आज सकाळी डोळे उघडले, तेव्हा कशाबद्दल बरं वाटलं?” बारावी राहिलीय तिची, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता, असं काहीतरी ती पुटपुटते. कागदाच्या शेवटी तिच्याच अक्षरात ते लिहून होतं.

कुठे जायचं, याचं उत्तर तिनं दिलंय: आईकडे नाही, आत्याकडे. आज नाही, उद्या. आजची रात्र डॉक्टर तिला निरीक्षणाखाली ठेवतील. बेड अडवल्याची कुरकुर होईल, पण सुरक्षित रात्र हाही उपचारच आहे.

५.१०

फोन. वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, त्यात बाई नवऱ्याला सोडून निघाली असेल तर आणखीच. तिच्यावरचा त्याचा ताबा सुटत असतो आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त बिथरतो. म्हणून याद्या करून फोन करतो. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच शहरांत एक प्रयोग केला होता. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आणलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना तासभराचं समुपदेशन आणि पुढे दीड वर्षं ठरावीक अंतरानं भेट किंवा फोन. या गटात आत्महत्येनं गेले ०.२ टक्के, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. एवढ्या स्वस्त औषधाचा इतका गुण क्वचित दिसतो, आणि तरी या कामासाठी माणूस नेमायला पदं मंजूर होत नाहीत, याचा मला फार राग येतो.

पहिला फोन पुरुष उचलतो. “नमस्कार, शिवणक्लासमधून बोलतेय, ताई आहेत?” ती आली की माझे प्रश्न हो-नाहीचे. झोप लागते? हो. विचार येतात? नाही. मार? शांतता. “क्लासला सोमवारी येते,” ती म्हणते. म्हणजे बोलता येत नाहीये. सोमवारचा दिवस वहीत लिहिते.

दुसऱ्या फोनवरची बाई दोन मिनिटं नुसती पोळीभाजी केंद्राच्या हिशेबाबद्दलच बोलते. तिला थांबवत नाही.

तिसरा बंद. परवाही बंद होता. तिच्या बहिणीचा नंबर तिनंच अशा वेळेसाठी देऊन ठेवलाय. बहीणही उचलत नाही. वस्तीतल्या आशाताईंना फोन करते. लसीकरणाच्या निमित्तानं उद्या सकाळी नऊला त्या घरी जाऊन येतील.

६.००

रात्रपाळीच्या सिस्टरना सगळं सांगायचं, आणि लिहूनही द्यायचं. सकाळच्या त्या बाईची कॉट सिस्टरच्या टेबलासमोर हलवली आहे. व्हिजिटरचा पास आत्यांच्या नावे, दुसऱ्या कुणाला नाही. गोळी समोर घ्यायला लावायची. रात्री एक ते तीन जागी दिसली तर पाणी विचारून दोन शब्द बोलायचे. नवरा गेटवर आला तर सिक्युरिटीला कळवायचं. मनोविकार डॉक्टर सकाळी पुन्हा तपासतील, तोवर डिस्चार्ज नाही.

“काही वाटलं तर तुम्हाला फोन करू?” सिस्टर विचारतात.

“कितीही वाजता.”

संरक्षण अधिकारी बाईंना मेसेज टाकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा घटना अहवाल भरायचा आहे. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षणाचा आणि घरात राहण्याच्या हक्काचा अर्ज करता येईल. अर्ज आल्यापासून पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि त्या तारखेपासून शक्यतो साठ दिवसांत निकाल, असं २००५चा हा कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तिला दुपारीच सांगितलंय, खोटी आशा नको म्हणून. मेसेजमध्ये लिहिते: उद्या सकाळी ११. तुम्हीच वॉर्डात या, तिला ऑफिसला बोलावू नका. गळ्याच्या खुणांची नोंद केसपेपरवर आहे, प्रत काढून ठेवली आहे. आधी तिला एकटीला भेटा, आणि दोन्ही प्रश्न विचारा.